'किंगकाँग'चा धनी कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'किंगकाँग' हे नाव आपल्याकडे दोन वाटांनी आलं. एक वाट आखाड्याची. युरोपातून आलेला एक अवाढव्य मल्ल 'किंगकाँग' या नावानं कुस्त्या खेळायचा. दारासिंगबरोबरच्या त्याच्या लढतींच्या आठवणी जुन्या मंडळींकडून आपण ऐकल्या असतील. दुसरी वाट पडद्याची. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर चढून विमानांशी झुंजणारं ते महाकाय वानर तर ज्यांनी मूळ चित्रपट पाहिला नाही त्यांनाही माहीत असतं. १९६२ साली बाबूभाई मिस्त्री यांनी दारासिंगला घेऊन याच नावाचा हिंदी चित्रपट काढला. अमेरिकी चित्रपटाची गोष्ट त्यात नव्हती, पण नाव तेच होतं.

हे नाव असं जगभर फिरत असताना ते ज्याच्या डोक्यातून निघालं, तो माणूस मात्र ते आपलंच आहे हे कोर्टात सिद्ध करू पाहत होता. त्याचं नाव मेरियन कूपर. तो काही स्टुडिओत वाढलेला दिग्दर्शक नव्हता. हाती कॅमेरा घेऊन इराणच्या डोंगरांत गेलेला तो माहितीपटकार. पुढे त्यानं कंपन्या काढल्या, रंगीत चित्रपटात भांडवल आणवलं, जॉन फोर्डसारख्या दिग्दर्शकाशी भागीदारी केली आणि पडद्याचा आकारच बदलून टाकणाऱ्या धंद्यातही उडी घेतली. चित्रं टिपणारा माणूस त्या चित्रांचा व्यापार करू लागला की त्याला काय मिळतं आणि त्याच्या हातून काय निसटतं, हे समजून घ्यायला कूपरची कारकीर्द फार उपयोगी आहे.

कूपरचा जन्म १८९३ साली अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात जॅक्सनव्हिल इथं झाला. पहिल्या महायुद्धात तो वैमानिक होता. १९१८च्या सप्टेंबरात त्याचं विमान पेटलं, हात भाजले आणि तो जर्मनांच्या कैदेत पडला. युद्ध संपल्यावर घरी जाऊन स्वस्थ बसायचं सोडून हा पोलंडला गेला आणि बोल्शेविकांशी लढणाऱ्या पोलिश सैन्यासाठी अमेरिकी वैमानिकांची तुकडी उभी करण्यात पुढे झाला. तिथंही विमान पडलं. रशियनांच्या कैदेत कित्येक महिने काढून, १९२१ साली पळ काढून तो लॅटव्हियाला पोचला. पोलंडनं त्याला आपलं सर्वोच्च शौर्यपदक दिलं. तिशी गाठण्याआधी एवढं सगळं पाहिलेल्या माणसाला कचेरीतलं काम रुचणं कठीणच होतं. न्यूयॉर्कमध्ये काही काळ वर्तमानपत्रात नोकरी करून तो पुन्हा बाहेर पडला.

या भटकंतीत त्याला अर्नेस्ट शूडसॅक हा कॅमेरामन जोडीदार म्हणून मिळाला. तिसरी साथीदार मार्गरीट हॅरिसन. ही बाई पत्रकार आणि पूर्वी अमेरिकेची हेरही होती. मॉस्कोत कूपर कैदेत असताना तिनं त्याला खाणंपिणं पोचवलं होतं. या तिघांनी जेमतेम दहा हजार डॉलर उभे केले. त्यातला मोठा वाटा हॅरिसनबाईंचा. आणि १९२४ साली ते इराणातल्या बख्तियारी टोळ्यांबरोबर चालू लागले.

आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कारण एकच, चारा. बख्तियारींची वाटचालही चाऱ्यासाठीच, पण तिचा आवाका पाहा. सुमारे पन्नास हजार माणसं आणि पाच लाखांच्या घरात जनावरं. वाटेत कारून नदी. पूल नाही, नावा नाहीत. बकऱ्यांच्या कातड्यांत हवा भरून त्यांचे तराफे करायचे आणि वितळलेल्या बर्फाच्या थंडगार पाण्यातून बायकापोरं, कोकरं पलीकडे न्यायची. मग झर्देकूहचा चार हजार मीटरांहून उंच डोंगर. त्याच्या बर्फातून वाट खोदत, पुष्कळदा अनवाणी, हा मानवी लोंढा वर चढतो. शूडसॅकच्या कॅमेऱ्यानं ती नागमोडी रांग टिपली आहे. यातून तयार झालेला चित्रपट म्हणजे १९२५ सालचा 'ग्रास', म्हणजे गवत. १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला स्थान मिळालं.

'ग्रास'च्या वेळी 'डॉक्युमेंटरी' हा शब्द या अर्थानं रुळलेला नव्हता. जॉन ग्रिअर्सन यांनी रॉबर्ट फ्लॅहर्टीच्या 'मोआना'विषयी लिहिताना तो वापरला तो १९२६ साली. तेव्हा अशा चित्रपटांना ना ठरलेलं नाव होतं, ना ठरलेलं गिऱ्हाईक. कूपर 'ग्रास'ची रिळं घेऊन व्याख्यानं देत फिरला. त्यातून हा चित्रपट जेसी लास्की यांच्या नजरेस पडला आणि पॅरामाउंटतर्फे तो थिएटरांत लागला. कूपरला पहिला व्यावहारिक धडा इथं मिळाला. बर्फातून चालून चित्रपट तयार होतो, पण तो लोकांपुढे येतो की नाही हे वितरक ठरवतो. चित्रपटगृहांशी बांधील असलेली कंपनी 'हो' म्हणेपर्यंत रिळं पेटीतच राहतात.

लास्कींनी पुढच्या चित्रपटासाठी पैसा दिला. कूपर आणि शूडसॅक सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, उत्तरेकडच्या जंगलात गेले आणि १९२७ साली 'चँग' आला. थाई भाषेत या शब्दाचा अर्थ हत्ती. जंगल तोडून घर उभारणारं एक कुटुंब, त्यांच्या जनावरांवर झडप घालणारे वाघ-बिबटे आणि शेवटी गावावर चालून येणारा हत्तींचा कळप अशी त्याची मांडणी आहे. माणसं तिथलीच, वाघ खरे, हत्ती खरे. पण गोष्ट आधी रचलेली आणि प्रसंग आखून घेतलेले. 'ग्रास'मध्ये कॅमेरा लोकांच्या मागोमाग चालला होता. 'चँग'मध्ये लोक कॅमेऱ्यासाठी चालू लागले. पैसा आला की त्याच्याबरोबर अपेक्षा येतात, आणि 'प्रेक्षकाला धक्का बसलाच पाहिजे' ही त्यातली पहिली. याला फसवणूक म्हणायचं की कथनाची सोय, हा वाद माहितीपटांच्या जगात आजही चालू आहे. पहिल्या ऑस्कर पुरस्कारांच्या वेळी 'चँग'ला नामांकन मिळालं, हेही नोंदवायला हवं.

न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात 'चँग' लागला तेव्हा हत्तींची धाव सुरू होताच पडद्यावरचं चित्र एकदम मोठं होई. मॅग्नास्कोप नावाच्या भिंगाची ती करामत. दाखवायच्या वस्तूइतकंच दाखवण्याचं यंत्रही महत्त्वाचं आहे, ही जाणीव कूपरच्या डोक्यात तेव्हापासून होती. तिचं पुढे काय झालं ते पाहूच.

मधल्या काळात त्यानं विमान कंपन्यांच्या शेअरमध्ये पैसे गुंतवले. पॅन अमेरिकन एअरवेजच्या संचालक मंडळावरही तो होता. पण डोक्यात एक वानर घोळत होतं. डग्लस बर्डन या त्याच्या मित्रानं १९२६ साली इंडोनेशियातल्या कोमोडो बेटावर जाऊन तिथल्या प्रचंड घोरपडी पाहिल्या आणि त्यातल्या दोन जिवंत न्यूयॉर्कला आणल्या. बंदिवासात त्या मेल्या. दूरच्या बेटावरचा राजा शहरात आणला की मरतो, ही कल्पना कूपरच्या मनात रुजली. आधी त्याचा बेत खऱ्या गोरिलाला घेऊन चित्रण करायचा होता. माहितीपटाची खोड इतक्यात कशी सुटणार?

१९३१ साली डेव्हिड सेल्झनिकनं त्याला आरकेओ या स्टुडिओत आणलं. स्टुडिओ डबघाईला आलेला. कुठले चित्रपट चालू ठेवायचे आणि कुठले बंद करायचे, हे कूपरनं पाहायचं होतं. विलिस ओब्रायन या तंत्रज्ञाचा 'क्रिएशन' नावाचा खर्चिक चित्रपट त्यानं बंद केला, पण त्यातली युक्ती मात्र उचलली. ओब्रायन सुमारे दीड फुटी बाहुल्या तसूतसू हलवून एकेक चौकट टिपायचा. पडद्यावर एक सेकंद दिसायला चोवीस चौकटी लागतात. म्हणजे वानरानं एकदा हात वर करायचा तर बाहुली कित्येक वेळा हलवायची. खरा गोरिला आफ्रिकेतून आणण्यापेक्षा हे स्वस्त आणि हुकमी होतं. काटकसर तरी किती? जंगलाच्या त्याच देखाव्यात दुसऱ्या एका चित्रपटाचंही चित्रण उरकून घेतलं.

'किंगकाँग' न्यूयॉर्कमध्ये लागला २ मार्च १९३३ रोजी. महामंदीचा कळस झालेला. त्याच आठवड्यात देशभरच्या बँका बंद ठेवण्याचा आदेश निघाला. आणि तरीही लोक रांगा लावून आले. या चित्रपटातला कार्ल डेनहॅम आठवतो का? जिवावर उदार होऊन दूरच्या बेटावर जाणारा, वानराला साखळदंडात बांधून तिकीट लावणारा तो चित्रपटवाला. तो कूपरनं स्वतःवरच बेतला होता. शेवटी वानरावर गोळ्या झाडणाऱ्या विमानातही कूपर आणि शूडसॅक स्वतः बसले आहेत. निसर्गातली अचाट गोष्ट शहरात आणून तिचा खेळ करणाऱ्या माणसाच्या हातून काय घडतं, हे या चित्रपटात आहे. ते सांगणाऱ्यानंही आधी तोच धंदा केला होता.

सेल्झनिक गेल्यावर आरकेओच्या निर्मितीची सूत्रं कूपरकडे आली. फ्रेड अॅस्टेअर आणि जिंजर रॉजर्स ही नाचणारी जोडी पडद्यावर प्रथम एकत्र दिसली ती त्याच्याच कारकिर्दीत. पण हृदयविकारानं गाठलं आणि १९३४ साली त्यानं ते पद सोडलं. यापुढचा कूपर हा खऱ्या अर्थानं उद्योजक.

त्या वेळी टेक्निकलर कंपनीनं तीन पट्ट्यांचा नवा कॅमेरा काढला होता. भिंगातून आत आलेला प्रकाश एका लोलकानं विभागून तीन फिल्मपट्ट्यांवर लाल, हिरवा आणि निळा असा वेगवेगळा नोंदवायचा आणि छापताना तिन्ही रंग एकत्र आणायचे. चित्रं सुरेख यायची, पण कॅमेरा अवजड, दिवे भरमसाट आणि खर्च अफाट. डिस्नेच्या व्यंगपटांपलीकडे मोठे स्टुडिओ धजत नव्हते. कूपरनं जॉन व्हिटनी या धनाढ्य गृहस्थाला आणि त्याच्या चुलतभावाला पटवलं. दोघांनी टेक्निकलरमध्ये पैसा घातला आणि पायोनियर पिक्चर्स ही कंपनी निघाली. तिनं आधी १९३४ साली 'ला कुकाराचा' हा लघुपट काढला. त्याला ऑस्कर मिळालं. मग १९३५ साली 'बेकी शार्प', संपूर्णपणे या तीन पट्ट्यांच्या रंगात चित्रित झालेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट. तो फारसा चालला नाही. पण वाट पडली, आणि व्हिटनींचा पैसा पुढे सेल्झनिकच्या कंपनीकडे वळला. त्याच कंपनीनं १९३९ साली 'गॉन विथ द विंड' रंगात आणला.

कूपरही सेल्झनिकबरोबर गेला होता, पण फार टिकला नाही. त्याला जॉन फोर्डकडून 'स्टेजकोच' करून घ्यायचा होता. सेल्झनिकला त्यात राम वाटेना. कूपर बाहेर पडला. फोर्डनं तो चित्रपट दुसऱ्या निर्मात्याकडे केला आणि १९३९ साली तो गाजला. यातून कूपर आणि फोर्ड यांची आर्गोसी पिक्चर्स ही भागीदारी आकाराला आली. दुसऱ्या महायुद्धात कूपर पुन्हा गणवेशात शिरला आणि चीनमध्ये जनरल शेनॉल्ट यांच्या हवाई दलाचा मुख्य कर्मचारी अधिकारी झाला. युद्ध संपताच आर्गोसीचं काम जोरात सुरू झालं.

स्वतंत्र निर्माता म्हणजे काय, हे इथं थोडं उलगडून सांगायला हवं. निर्माता बँकेकडून कर्ज घेतो. बँक कर्ज देते ती वितरकाच्या करारावर. चित्रपट लागला की तिकिटांच्या पैशातून आधी थिएटरवाला आपला हिस्सा ठेवतो, मग वितरक आपला मोबदला आणि जाहिरातीचा, प्रतींचा खर्च वळता करतो, मग बँक. यातून काही उरलंच तर ते निर्मात्याचं. ऊस शेतकऱ्याचा, पण काटा कारखान्याचा, तशातला हा प्रकार. आर्गोसीचा १९४७ सालचा 'द फ्युजिटिव्ह' पडला. झालेला तोटा भरून काढायला 'फोर्ट अपाची', 'शी वोअर अ यलो रिबन' असे घोडदळाचे चित्रपट काढावे लागले. फोर्डला आयर्लंडमध्ये जाऊन 'द क्वाएट मॅन' करायचा होता, त्याचं ते जुनं स्वप्न. रिपब्लिक कंपनीच्या हर्बर्ट येट्स यांनी अट घातली, आधी एक वेस्टर्न करून द्या. म्हणून 'रिओ ग्रांद' झाला, आणि मग १९५२ साली 'द क्वाएट मॅन'. फोर्डला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. चित्रपट चालला. पण कमाईच्या हिशेबावरून आर्गोसी आणि रिपब्लिक यांच्यात जुंपली आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. पुढे तडजोड झाली, तोवर आर्गोसीचं कामच थांबलं होतं.

आता ते मोठ्या पडद्याचं वेड. फ्रेड वॉलर नावाच्या संशोधकानं युद्धात विमानांतल्या बंदूकधारी जवानांना नेमबाजी शिकवण्यासाठी अनेक प्रक्षेपकांचं एक यंत्र केलं होतं. त्यातूनच सिनेरामा जन्मला. एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी चित्रण, तीन प्रक्षेपकांनी प्रक्षेपण आणि प्रेक्षकाला दोन्ही बाजूंनी वेढणारा अर्धवर्तुळाकार पडदा, शिवाय सात पट्ट्यांचा ध्वनी. ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात 'धिस इज सिनेरामा' सुरू झाला. प्रसिद्ध प्रवासवार्ताहर लॉवेल थॉमस आधी नेहमीच्या छोट्या, कृष्णधवल चौकटीत येऊन बोलतात. मग पडदे बाजूला सरकत जातात आणि प्रेक्षक एकदम रोलर कोस्टरच्या पहिल्या डब्यात. लोक खुर्च्यांचे हात घट्ट धरून बसत. कूपर या चित्रपटाचा सहनिर्माता होता. उत्तरार्धात विमानातून घेतलेलं अमेरिकेचं दर्शन आहे. त्यात कथा नाही, नट नाहीत. डोंगर, दऱ्या, नद्या आणि शेतं. पंचवीस वर्षांपूर्वी हत्तींच्या कळपासाठी पडदा मोठा करून घेणारा माणूस पुन्हा माहितीपटाकडेच आला होता. न्यूयॉर्कमध्ये हा चित्रपट १२२ आठवडे चालला. १९५३ साली अकादमीनं कूपरला सन्माननीय ऑस्कर दिलं.

पण सिनेरामाचं गणित अवघड होतं. प्रत्येक गावात थिएटर फोडून नवा पडदा, तीन खोल्या, तीन प्रक्षेपक आणि ते एकाच तालात चालवणारी माणसं हवीत. त्यामुळे थिएटरं मोजकीच राहिली. १९५३ सालीच ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सनं सिनेमास्कोप आणलं. नेहमीच्या प्रक्षेपकाला एक वेगळं भिंग लावलं की रुंद चित्र तयार! अनुभव सिनेरामाइतका थरारक नव्हता, पण गावोगाव पोचणारा होता. बाजार सिनेमास्कोपनं काबीज केला. सिनेरामाच्या निर्मितीचे आणि प्रदर्शनाचे हक्क थिएटरांची साखळी असलेल्या स्टॅन्ली वॉर्नर कंपनीकडे गेले.

आणि किंगकाँग? कूपरची पक्की समजूत अशी, की आरकेओला आपण दोन चित्रपटांपुरताच हक्क दिला. एक मूळ चित्रपट, दुसरा त्याच वर्षी घाईत काढलेला 'सन ऑफ काँग'. वानर आपलं. १९५२ साली मूळ चित्रपट पुन्हा लागला आणि धो धो चालला, तो पैसा स्टुडिओचा. ते ठीक. पण १९६२ साली जपानच्या तोहो कंपनीनं आरकेओकडून परवानगी घेऊन 'किंगकाँग विरुद्ध गॉडझिला' काढला, तेव्हा कूपर चवताळला. तो कोर्टात गेला. पण तीस वर्षांपूर्वीची जी पत्रं पुरावा म्हणून लागणार होती, ती सापडेनात. तो दावा तो हरला. १९७३च्या एप्रिलमध्ये, ७९ वर्षांचा होऊन तो वारला.

निकाल लागला तो त्याच्यामागे तीन वर्षांनी. १९७६ साली डिनो डी लॉरेंटिस आणि युनिव्हर्सल या दोघांनाही नवा 'किंगकाँग' काढायचा होता. त्या भांडणात कोर्टानं वाटणी करून दिली. मूळ चित्रपट आणि 'सन ऑफ काँग' आरकेओचे. चित्रपटाआधी निघालेल्या कादंबरीच्या हक्काचं नूतनीकरण झालं नव्हतं, म्हणून त्या कादंबरीतली गोष्ट सर्वांची. आणि नाव, पात्र वगैरे उरलेले हक्क कूपरच्या वारसांचे. वारसांनी ते युनिव्हर्सलला विकले. गंमत पुढेच आहे. १९८१ साली जपानच्या निन्टेंडोनं 'डाँकी काँग' हा खेळ आणला, तेव्हा युनिव्हर्सलनं दावा ठोकला आणि ती हरली. कारण किंगकाँगची गोष्ट सर्वांची आहे हे याच कंपनीनं आधीच्या खटल्यात सिद्ध करून दाखवलं होतं. २००५ साली पीटर जॅक्सननं नवा 'किंगकाँग' केला, तोही युनिव्हर्सलसाठीच.

कूपरच्या धडपडीकडे पाहिलं की एक सूत्र दिसतं. चित्रपट अडला वितरकापाशी, म्हणून हा स्टुडिओत शिरला. स्टुडिओ धजेना, म्हणून भांडवलदार शोधले. भांडवलदाराचं ऐकावं लागतं, म्हणून स्वतःची कंपनी काढली. कंपनीचा हिशेब वितरकाच्या हाती, म्हणून पडद्याचं तंत्रच हाती घ्यायला गेला. प्रत्येक वेळी तो एक पायरी वर चढला आणि प्रत्येक वेळी त्याच्या वर आणखी कुणीतरी बसलेला निघाला. आज खिशातल्या फोननं कुणीही चित्रण करतो. जगाला दाखवायची सोयही फुकट वाटते. पण दाखवायची जागा दुसऱ्याच्या मालकीची असते, आणि तिथं चित्रफीत चढवताना आपण ज्या अटींना न वाचताच होकार देतो, त्यांतच हक्कांचा सगळा मजकूर असतो. आपल्या मुलांपैकी कितीतरी जण आज या व्यवसायात उतरू पाहत आहेत. कॅमेरा शिकवणारे त्यांना पुष्कळ भेटतील. करारनामा नीट वाचावा आणि त्याची प्रत जपून ठेवावी, हेही कुणीतरी त्यांना सांगायला हवं. कूपरला ज्या कागदांनी दगा दिला ते चार पत्रांपलीकडे फार काही नव्हते.

'ग्रास' मात्र कुणी हिरावून घेतला नाही. त्यासाठी कुणी भांडलंही नाही. कारून नदीच्या थंड पाण्यात कातड्याच्या तराफ्यावर कोकरू पोटाशी धरून बसलेली माणसं शंभर वर्षांनंतरही त्यात दिसतात.